काशीदादाचा क्रम

दांडीच्या काशीनाथ तामोरेच्या जीपला हात लावायचा, तर आधी परीक्षेला बसावं लागे. प्रश्न एकच. काशीदादा बॉनेटवर दोन्ही हात टेकून समोरच्याच्या डोळ्यांत बघत विचारी, "बोल. धावनं आदी का थांबनं आदी?"

"धावणं" म्हणणाऱ्याला कोरा चहा मिळे आणि तो पिऊन त्याने घरी जायचं. "थांबणं" म्हणणाऱ्याला दुधाचा चहा, आणि बॉनेटखाली डोकावायची परवानगी.

मी पहिल्या दिवशी मूठ वळून "धावणं!" म्हणालो होतो. माझं वय तेव्हा बावीस. बोईसरच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात पॅकिंगला होतो आणि उरलेला सगळा वेळ पत्रकं लिहीत होतो. वडलांनी मला अक्षरओळख करून दिली तीच संपाच्या पत्रकांवरून. 'क' कमळाचा असतो हे मला शाळेत गेल्यावर कळलं. तोवर तो कामगाराचा होता. अशा माणसाला थांबणं आधी कसं सुचणार?

"ह्याला ब्रेक नाय," काशीदादा छपरातल्या मंडळींना म्हणाला. "कोरा द्या."

मी कोरा चहा प्यालो, पण घरी गेलो नाही. कारण त्या छपराच्या दारावर मी एक यादी वाचली होती आणि ती मला एखाद्या जाहीरनाम्यासारखी वाटली होती.

छप्पर खाडीच्या काठावर होतं. काशीदादा तिथे गावातल्या मच्छीमार बोटींची इंजिनं दुरुस्त करी. पोट त्याच्यावर चाले आणि जीव जीपवर. जीप मिलिटरीच्या लिलावातली. तिच्यात त्याने मुंबईच्या भंगारबाजारातून आणलेलं जपानी डिझेल इंजिन बसवलं होतं, आणि त्या इंजिनाला टर्बो होता. तेव्हा, नव्वदच्या आसपास, आमच्या भागात टर्बो हा शब्दच नवा होता. काशीदादा तो असा समजावून सांगे: "चुलीला फुंकनी मारतात ना? हा पंखा म्हंजे फुंकनी. पन फुंकतंय कोन? धूरच. आपल्याच धुरानं आपलीच चूल फुंकायची. जेवडी हवा जास्त, तेवडा जाळ जास्त."

त्या फुंकणीचा जोर एका लहानशा स्क्रूवर ठरे. स्क्रू आवळला की जोर वाढणार. काशीदादाने तो पार सैल करून ठेवला होता, आणि कुणी चोरून हात लावू नये म्हणून त्यावर लाख ओतून सील केलं होतं. लाखेत हिरव्या काचेचा एक तुकडा रुतवलेला होता.

"हे काय?" मी एकदा विचारलं होतं.

"निशानी हाय," तो म्हणाला. "हलला तर कळंल."

आता यादी. होडीच्या निळ्या ऑइलपेंटने दारावर लिहिलेली, अक्षरं लाटेवर बसल्यासारखी:

१. ब्रेक. २. टायर. ३. धरायला दांडा. ४. रेडिएटर. ५. आरसा.

तेव्हा ती एवढीच होती. अधूनमधून एखाद्या शनिवारी सकाळी तिच्याखाली नवा आकडा उगवे. तो आकडा पुरा झाल्याशिवाय पुढचा येत नसे. सगळे आकडे संपतील त्या दिवशी स्क्रू आवळायचा आणि पालघरच्या पुढची वाघोबाची खिंड टॉप गिअरमध्ये चढायची, हे ठरलेलं होतं. किती आकडे बाकी आहेत हे मात्र काशीदादाला विचारलं की तो म्हणे, "आदी थांबायला शिक."

हे त्याचं पेटंट वाक्य. उतू जाणाऱ्या दुधाला, कठड्याला घासणाऱ्या बैलगाडीला, मीटिंगमध्ये चढा आवाज लावणाऱ्या मला, सगळ्यांना एकच. "आदी थांबायला शिक."

पहिली पाळी सुटली की आम्ही पाचसहा जण बोईसरहून सायकली हाणत तिथे जात असू. विषय एकच: आता पुढे काय? लेथवाला यादव तर दर वेळी कपाळावर हात मारून घेई. "काशीभाई, शेर पाल के रखा है और घास खिला रहे हो!" त्याचं मत, स्क्रू आज आवळावा, बाकी मागाहून बघू. माझंही तेच. सत्ता आधी हातात घ्या, सुधारणा नंतर करता येतात, असं मी त्याला सोप्या शब्दांत सांगितलं होतं.

विरोधी पक्ष म्हणजे कुलकर्णीसाहेब. एका केमिकल कारखान्यात मेंटेनन्स इंजिनियर, सरळ माणूस, खिशात कायम फूटपट्टी. त्यांनी एकदा वहीत आकडेमोड करून जाहीर केलं की काशीदादाचा क्रम शास्त्रशुद्ध आहे. आधी गाडी थांबली पाहिजे, मग रस्ता धरला पाहिजे, मग थंड राहिली पाहिजे. त्यानंतर तिचा श्वास मोकळा करायचा, आणि जोर सगळ्यात शेवटी. "पण हा तिसरा आकडा!" ते फूटपट्टीने दार ठोकत. "रेडिएटरच्या आधी धरायला दांडा? आणि पाचवा, आरसा? तामोरे, याचं शास्त्र काय?"

"तो नंबर त्याचाच हाय," काशीदादा म्हणे, आणि पाना उचले.

दांडा म्हणजे डाव्या सीटसमोर वेल्ड केलेली पितळी नळी. त्याने ती बोटीच्या रेलिंगची कापून आणली होती आणि आठवडाभर घासून मधेच वीतभर अशी गुळगुळीत केली होती की हात आपोआप तिथे जाई. त्या सीटवर आम्हाला कुणाला बसू देत नसे. मागे बसा. पुढे अपवाद फक्त मोजमाप करणाऱ्या कुलकर्णीसाहेबांचा, आणि तोही नाइलाजाने.

सहावा आकडा आला हवेचा फिल्टर. सातवा, धुराचा मोठा पाइप. दोन्ही बसवल्यावर जीप अशी काही मोकळी धावू लागली की यादव रडायच्या बेताला आला. "अभी घुमाओ, काशीभाई, बस एक चक्कर!" काशीदादाने मान हलवली. शनिवारी आठवा आकडा आला: इंटरकूलर.

आता टर्बोतून येणारी हवा तापलेली असते. ती थंड करून इंजिनात सोडली तर जोर वाढतो. त्यासाठी परदेशात जाळीचा डबा मिळतो, असं कुलकर्णीसाहेबांनी चित्र काढून दाखवलं. काशीदादाने चित्र बघितलं आणि तो उठून मासळीच्या बर्फाची पेटी घेऊन आला. तिच्यातून त्याने तांब्याची वळसेदार नळी फिरवली, पेटी जीपच्या नाकासमोर बांधली, बर्फकारखान्यातून फोडलेला बर्फ भरला आणि वर मूठमूठ मीठ टाकलं, बोटीत पापलेटावर टाकतात तसं.

आणि ते चाललं! मी शपथेवर सांगतो. कुलकर्णीसाहेबांनी इंजिनाच्या तोंडाशी नळीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "गार आहे!" ते ओरडले. "तामोरे, गार आहे हो!" त्यांचा चष्मा आनंदाने वाकडा झाला होता. लगेच चाचणी, चिंचणीपर्यंत आणि परत. साहेब पुढे, आम्ही मागे उभे.

चूक परत येताना कळली. त्या पेटीत चार वर्षं बोंबील आणि घोळ वाहिला होता. पुढून वारा लागला की त्या चार वर्षांचा वास सरळ पुढच्या सीटवर. चहाच्या टपरीवर थांबलो तर तीन मांजरी जीपभोवती बसल्या आणि उठेनात. कुलकर्णीसाहेब नाकाला रुमाल लावून बसले. फक्त उतरताना म्हणाले, "आज संकष्टी आहे. घरी काय सांगू?"

पुढच्या शनिवारी दारावर: ९. वास.

मला राहवेना. इथे एक साधा यंत्रकामगार, कुठलंही पुस्तक न वाचता, बदलाचा क्रम शोधत होता आणि कुणाच्याही घाईला बळी पडत नव्हता. माझंच मत फिरलं. मी रात्रपाळीचे आठ दिवस बदलून घेतले आणि पत्रक लिहिलं: 'क्रमाचा प्रश्न'. चार पानं, सायक्लोस्टाइल. त्यात मी तिसऱ्या आकड्याचा उलगडा केला. वेग वाढवण्याआधी सामान्य माणसाच्या हाताला धरायला काहीतरी दिलं पाहिजे, असा तो दांडा सांगत होता. आरसा म्हणजे आत्मपरीक्षण. वासाबद्दल मी मोघम लिहिलं. मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत: 'आधी थांबायला शिक! – काशीनाथ तामोरे.'

पत्रक बोईसर, पालघर, तारापूर, केळवे, माहीम सगळीकडे वाटलं. काशीदादाला प्रत दिली तेव्हा त्याने मुखपृष्ठ वाचलं आणि त्याचा चेहरा एकदम उतरला.

"नाव कशाला टाकलंस?" तो म्हणाला.

"विनय सोडा, काशीदादा. जे तुमचं ते तुमचं."

त्याने प्रत पालथी ठेवली. पेटी घासत बसला. नव्या फळ्या, नवा पत्रा, आत कडुलिंबाचा पाला.

पुढच्या शनिवारी मी सायकलवरून उतरलो आणि दार वाचलं.

१०. पत्रकवाला.

"म्हणजे मी?" माझा आवाज चिरकला.

"तूच. शुक्रवारी ये. कपडे धुतलेले घाल."

इथे सांगायला हवं की आमच्या एमआयडीसीची सुट्टी शुक्रवारी असते, आणि दर शुक्रवारी काशीदादा एकटा जीप घेऊन जाई. चाचणीला. कुठे, ते कुणालाच माहीत नव्हतं. यादवच्या मते समुद्राच्या पुळणीवर. कुलकर्णीसाहेबांच्या मते मनोरच्या सरळ रस्त्यावर. आता मी जाणार होतो! दहावा आकडा मी होतो! रेडिएटर, फिल्टर, इंटरकूलर आणि मी! ते सहा दिवस मी कारखान्यात चुकीच्या डब्यांवर चुकीची झाकणं लावली.

शुक्रवारी काशीदादा ओळखू येईना. पांढरा शर्ट, केसांना तेल, नखं घासून लाल. पेटीत ताजा बर्फ, आणि बर्फावर कागदात गुंडाळलेली दोन पापलेटं. त्याने मला मागे बसवलं. पुढची सीट रिकामीच. बोईसर, उमरोळी, पालघर मागे पडलं, आणि जीप मनोरकडे न वळता माहीमकडे निघाली. मी मनात पुळणीला एक मत दिलं.

पण पुळण आली नाही. नारळीपोफळीच्या वाड्यांमधून जाणाऱ्या गल्लीत, एका कौलारू घरासमोर जीप थांबली. ओट्यावर एक बाई विड्याची पानं एकावर एक रचत बसली होती. पस्तिशीची असेल. काष्ट्याचं लुगडं, हात भरून हिरव्या बांगड्या. तिने मान वर केली नाही.

"आनलास?"

"आनला," काशीदादा म्हणाला. त्याने पापलेटं ओट्याच्या कडेला ठेवली आणि स्वतः टायरपाशी जाऊन उभा राहिला, शाळेच्या पोरासारखा.

बाईने पानांखालून माझं पत्रक काढलं. "तूच का तो लिवनारा? वाच. हे वाक्य कोनाचं?"

"काशीदादांचं," मी म्हणालो.

तिने काशीदादाकडे बघितलं. काशीदादाने टायरकडे बघितलं.

"सांग की," ती म्हणाली.

"हिचं," काशीदादा टायरला म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "ही हिरा. आमची मंडळी."

 दुसऱ्याच्या घामाचं श्रेय लाटणाऱ्यांविरुद्ध मी बारा पत्रकं लिहिली होती. हे तेरावं, श्रेय लाटणारं.

"तीन वर्सं झाली," हिरावहिनी माझ्याशी बोलू लागल्या, पण ऐकवत होत्या त्याला. "इंजिन बसवलं नि पैल्याच दिवशी मला घेऊन खिंडीत निगाला. स्क्रू आवळलेला गच्च. खिंडीत वाघोबाचं देऊळ हाय ना? एसटी थांबते. ट्रक थांबतो. नवरदेवाची गाडी थांबते. मी म्हनलं, थांब, हात जोडू. हा म्हनतो, टाईम मोजतोय, थांबलो तर गेला टाईम. नाय थांबला. फुडं उतार लागला. मंग थांबावंसं वाटलं याला. मंग ब्रेक कुटं होते?"

"करवंदीच्या जाळीत गेलो," काशीदादा हळूच म्हणाला.

"मी गेले. तू स्टेरिंगला धरून होतास. मला धरायला काय होतं? सगळ्या बांगड्या फुटल्या माज्या. तिथनंच एसटी धरली नि भावाकडं आले. याला एकच सांगितलं, आदी थांबायला शिक."

मग पुढची तीन वर्षं मला पाच मिनिटांत कळली. दर शुक्रवारी तो यायचा. वहिनी जीपमध्ये बसायच्या, वाडीच्या टोकापर्यंत एक फेरी मारायच्या, उतरायच्या आणि नवं गाऱ्हाणं सांगून पानं रचायला बसायच्या. थांबत नाय: ब्रेक. सरकते: टायर. धरायला काय नाय: दांडा. पायाला वाफ लागते: रेडिएटर. "मागं कोन राहिलं ते तुला दिसत नाय," हा आरसा. "दमेकऱ्यासारखी धापते," हा हवेचा फिल्टर. "धूर कोंडतो तिच्यात," हा पाइप. आणि एकदा म्हणाल्या होत्या, "गरम गरम हवा नाकात घेऊन मानूस पळंल का रं?"

कुलकर्णीसाहेबांनी वहीभर आकडेमोड करून जे शास्त्रशुद्ध ठरवलं, ते या बाईने सीटवर बसून नुसतं कानाने ओळखलं होतं. दांडीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही बोईसरवाले इतके दिवस त्या छपरात चहा प्यालो आणि त्या पुढच्या सीटवर कोण बसायचं, हे कुणी एकदाही विचारलं नाही. मीही नाही.

"नाव बदलतो," मी म्हणालो. "आत्ता बदलतो."

"बदल. लिवताना हीरा नको, हिरा लिव. आनि तू," त्या टायरपाशी उभ्या असलेल्या माणसाकडे वळल्या, "माजी कपड्यांची पेटी घे आतली. मागं ठेव."

काशीदादा हलेना.

"खिंडीत चल. वाघोबाफुडं थांबलास तर पेटी दांडीला. नाय थांबलास तर मी नि पेटी एसटीनं परत म्हायमाला. मंग येऊ नको."

मी मागे पत्र्याच्या पेटीवर बसलो. पिशवीतल्या उरलेल्या प्रती काढल्या आणि पालघर येईपर्यंत एकेका प्रतीवर 'काशीनाथ' खोडून 'हिरा' लिहीत राहिलो. अक्षरं हलत नव्हती, इतक्या सावकाश तो चालवत होता. दोन सायकली आमच्या पुढे गेल्या. पुढे पितळी दांड्यावर वहिनींचा हात होता, आणि तिथे नेमका तोच हात बसेल एवढीच ती जागा घासलेली होती.

खिंडीच्या पायथ्याशी वहिनी म्हणाल्या, "थांबव. झाकन उगड."

काशीदादाने बॉनेट उघडलं. वहिनी वाकल्या. लाखेतला हिरवा तुकडा त्यांनी बघितला, आपल्या हातातली बांगडी त्याच्याजवळ नेली. मग केसांतला आकडा काढून त्यांनी लाख खरवडली, तुकडा पदराला पुसला आणि कनवटीला लावला.

"एकच सापडला?"

"चार सापडले हुते," काशीदादा म्हणाला. "तीन घरात हायत."

"स्क्रूड्रायव्हर घे. अर्दा फेरा. जास्त नाय."

त्याने अर्धा फेरा दिला. इतके दिवस ज्यासाठी यादव तळमळत होता तो फेरा, आणि तो बघायला फक्त मी! जीप सुरू झाली. पहिलं वळण. फुंकणी शिटी घालू लागली, आधी बारीक, मग भरदार, आणि जीपने चढावर असं अंग टाकलं की मी पेटीसकट मागच्या फळीवर आदळलो. गिअर तिसरा. गिअर टॉप. इंजिनाला धाप नाही, धूर नाही, नाकासमोरच्या पेटीतलं बर्फाचं पाणी रस्त्यावर सांडत चाललेलं, दोन्ही बाजूंची झाडं मागे पळतायत, एक भरलेला ट्रक आम्ही मागे टाकला आणि त्याच्या क्लीनरने टाळी वाजवली! मी ओरडत होतो. काय ओरडत होतो ते आठवत नाही. बहुतेक घोषणाच होत्या. वहिनी हसत होत्या. दांड्याला धरून, पदर उडत, तोंड उघडं टाकून हसत होत्या.

आणि मग वळणावर वाघोबाचं देऊळ दिसलं. जीप अजून चढत होती, जोर अजून वाढत होता. अंधश्रद्धेविरुद्ध माझं एक चांगलं आठ पानी पत्रक आहे. तरी मी त्या क्षणी दोन्ही हातांनी पेटी धरून वाघोबाला विनवत होतो, थांबव, बाबा, याला थांबव.

जीप थांबली. झटका नाही, किंचाळी नाही. देवळाच्या पायरीसमोर, होडी वाळूला लागावी तशी.

वहिनी उतरल्या. रस्त्याच्या कडेचा एक दगड उचलून त्यांनी स्वतः मागच्या चाकाला लावला. कपड्यांच्या पेटीतून नारळ काढला, फोडला, हात जोडले. मीही जोडले, कुणी बघत नव्हतं. परत आलो तर काशीदादा अजून आपल्या जागेवरच होता. इंजिन बंद होतं, हँडब्रेक ओढलेला होता, चाकाला दगड होता, आणि तो दोन्ही पाय ब्रेकवर रोवून, दोन्ही हातांनी स्टेअरिंग आवळून समोर बघत बसला होता. गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायला त्याला हात मोकळा नव्हता.

वहिनींनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"थांबलीय," त्या म्हणाल्या. "पाय काड आता."

त्याला ते जमायला बराच वेळ लागला. आम्ही दोघं थांबलो.